पथकाच्या वॉकीटॉकीवरचं बोलणं बंदिस्त करण्याचं काम: जानेवारी ते जूनच्या नोंदी

११ जानेवारी

आजपासून ही वही. कोल्हापुरात पुराच्या वेळी काम करणारं आमचं पथक लहान आहे, चाळीसएक माणसं. आजच्या बैठकीत ठरलं की येत्या पावसाळ्याच्या आत वॉकीटॉकीवरचं बोलणं बाहेरच्या कानांपासून बंदिस्त करायचं. हे काम मी मागून घेतलं. पुराच्या दिवसांत कंट्रोलला मी बसते, सगळ्यांत जास्त बोलणं माझंच असतं.

माल मोजला. १८ डिजिटल सेट, ६ जुने अ‍ॅनालॉग सेट, एक रिपीटर (आलेलं बोलणं पुढे दूरवर पाठवणारी पेटी), तीन चार्जर आणि प्रोग्रॅमिंगची एकच केबल.

कारणही लिहून ठेवते, म्हणजे मध्येच कुणाला कंटाळा आला तर हे पान उघडता येईल. जुलै २०२१. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, २०१९ ला गेलं होतं तसंच. लाईट नव्हती, मोबाईल बंद पडत चालले होते, होते ते आमचे अ‍ॅनालॉग सेट. नावेतल्या पोरांनी एका आज्जींना माडीवरून काढलं आणि कळवलं. ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं हा आमचा नियम, म्हणून मी सगळं परत म्हटलं: गल्लीचं नाव, देवळामागचं दोन मजली घर, मागचं दार लागत नाही, आत आता कुणी नाही. मोठ्यानं आणि स्पष्ट म्हटलं. पाणी ओसरल्यावर आज्जी घरी गेल्या तेव्हा माडीवर ठेवलेली तांब्या-पितळेची भांडी, शिलाई मशीन आणि ट्रंकेतल्या दोन पैठण्या नव्हत्या. त्या चोरीचा माझ्या बोलण्याशी संबंध होता असं मला सिद्ध करता येत नाही. पण त्या रात्री गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एका टेम्पोतून आमचाच आवाज ऐकू येत होता, हे आमच्या दोघा पोरांनी कानांनी ऐकलंय.

त्यानंतर वर्गणी काढून डिजिटल सेट घेतले आणि सगळ्यांनी धरलं की प्रश्न मिटला. मीही तसंच धरलं होतं.

१८ जानेवारी

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याला म्हटलं, आपलं डिजिटल बोलणं बाहेरच्याला ऐकू येतं का ते मला दाखव. तो पेनड्राइव्हएवढा एक डोंगल घेऊन आला. मूळचा टीव्ही बघायचा डोंगल, आत आरटीएल२८३२यू नावाची चिप. लोकांनी शोधून काढलं की हीच चिप वापरून लॅपटॉपवर रेडिओचे बरेच पट्टे ऐकता येतात. फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर त्याच्या जोडीला.

फक्त आपलेच सेट ऐकायचे, असं आधी ठरवलं. मी स्वयंपाकघरात सेट घेऊन उभी राहिले आणि हळू आवाजात म्हटलं, "घर रिकामं आहे, मागचं दार उघडं आहे." बाहेरच्या खोलीत लॅपटॉपमधून माझाच आवाज आला, अगदी स्वच्छ. शेजारी पडद्यावर माझ्या सेटचा आयडी नंबर, ग्रुपचा नंबर, कलर कोड, सगळं ओळीनं.

आण्णा बघायला आले होते. ते नाव चालवतात, पथकात सगळ्यांत जुने. म्हणाले, "आरं, मग आपण पैसं कशाला घातलं?" त्यांना सांगितलं, आवाज साफ येतो, बॅटरी जास्त टिकते, एका फ्रिक्वेन्सीवर दोन संभाषणं चालतात, एवढ्यासाठी पैसे वाया गेलेले नाहीत. आमचे डिजिटल सेट ज्या पद्धतीनं बोलतात ते डीएमआर हे खुलं मानक आहे, युरोपातल्या एत्सी या संस्थेनं २००५ साली आणलं. खुलं आहे म्हणूनच वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट एकमेकांशी बोलतात, आणि म्हणूनच लॅपटॉपलाही ते कळतात. डिजिटल म्हणजे भाषा बदलली. ती भाषा येणारे बाहेर पुष्कळ आहेत.

१९ जानेवारी

कालचं राहिलेलं. जुन्या सेटच्या मेनूत ‘प्रायव्हसी कोड’ असा पर्याय आहे आणि पथकात निम्म्या लोकांना वाटतं की तो लावला की कुणी ऐकत नाही. तो फक्त एक बारीक अखंड सूर आहे, उदाहरणार्थ ८८.५ हर्ट्झचा, बोलण्याच्या खाली चालणारा. ज्या सेटवर तोच सूर लावलाय त्याचा स्पीकर उघडतो, बाकीच्यांचा गप्प राहतो. दुसऱ्यांचा कालवा आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून ती सोय. आपलं बोलणं दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून नाही. ज्यानं सूर लावलाच नाही त्याला सगळं ऐकू येतं. डिजिटल सेटमधला ० ते १५ चा कलर कोडही त्याच जातीचा.

ग्रुपवर हे लिहून टाकलं. तिघांचे फोन आले, तिघेही नाराज. इतकी वर्षं त्या एका शब्दावर विसंबून होते बिचारे.

१ फेब्रुवारी

सहा जुन्या सेटांपैकी चारांत ‘स्क्रँबलर’ आहे. चालू केला की बोलणं बदकाच्या कलकलाटासारखं ऐकू येतं. ऐकताना वाटतं, हे कुणाला काय कळणार.

आत काय होतं ते भाच्यानं लॅपटॉपवर काढून दाखवलं. आवाजाचा पट्टा उलटा केला जातो. समजा ३३०० हर्ट्झला उलटवला, तर ३०० हर्ट्झचा जाड सूर ३००० चा होऊन बाहेर पडतो आणि ३००० चा बारीक सूर ३०० चा. सदरा उलटा घालावा तसं: शिवण बाहेर दिसते, पण सदरा तोच. ज्याला परत उलटवायचाय त्याला फक्त तो आकडा हवा, आणि तो चाचपडत शोधला तरी मिनिटात सापडतो. त्यानं लॅपटॉपवर एक पट्टी डावी-उजवीकडे सरकवली. कलकलाटातून हळूहळू शब्द आकाराला आले आणि एका जागी आण्णांचा आवाज लख्ख बाहेर पडला: "चहा सांग की गं."

निर्णय: जुने सहाही सेट छावणीच्या स्वयंपाकघराकडे. भात किती माणसांचा, पाण्याचे कॅन किती, गॅसची टाकी संपली. नावं नाहीत, पत्ते नाहीत.

८ फेब्रुवारी

आजचा पूर्ण रविवार डिजिटल सेटच्या एन्क्रिप्शनवर गेला. म्हणजे बोलणं कुलपात घालायचं, आणि ज्याच्याकडे किल्ली, म्हणजे ठरलेला गुप्त आकडा, त्यालाच ते कळायचं. मेनूत तीन पायऱ्या आहेत.

सगळ्यांत खालची ‘बेसिक’. तिच्यात १ ते २५५ यांतला एक आकडा निवडायचा, झालं. म्हणजे एकूण किल्ल्या २५५. दुपारच्या चहापर्यंत कुणीही सगळ्या लावून बघेल. त्यात एका कंपनीचं बेसिक दुसरीशी जुळेलच असंही नाही.

मधली ‘एनहान्स्ड’, ४० बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक अशा चाळीस जागांची किल्ली, आत आरसी४ ही १९८७ ची पद्धत. चाळीस बिट म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी किल्ल्या. माणसाला हा आकडा डोंगराएवढा वाटतो. पण आजच्या गेमिंगच्या कॉम्प्युटरला हे आवाक्यातलं काम आहे.

वरची एईएस, २५६ बिटांची. योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन कूटशास्त्रज्ञांनी ही पद्धत बांधली, जगभरच्या लोकांनी उघड स्पर्धेत तिच्यावर घाव घातले, आणि २००१ मध्ये अमेरिकेनं ती मानक म्हणून घेतली. बँकांचे व्यवहार याच पद्धतीनं चालतात. किल्ल्यांचा आकडा ७८ अंकी. तो फोडायचा विचार कुणी करत नाही, माणसं किल्ली चोरायचा विचार करतात.

भाच्याला विचारलं, पद्धत सगळ्या जगाला माहीत, मग सुरक्षित कशी? त्याच्याकडे उत्तर तयार होतं. ऑग्युस्त केर्कहॉफ्स नावाच्या माणसानं १८८३ सालीच मांडून ठेवलंय की यंत्र शत्रूच्या हाती पडलं तरी चाललं पाहिजे, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. मला लगेच पटलं. गल्लीत सगळ्यांना माहीत असतं की कुलूप कुठल्या कंपनीचं आहे. तेवढ्यानं घर उघडत नाही.

याच्या उलटं वागलं की काय होतं, तेही त्यानं सांगितलं. युरोपात पोलीस आणि रेल्वेसारख्या खात्यांसाठी टेट्रा नावाची रेडिओ व्यवस्था आहे, तिच्या गुप्त पद्धती अनेक वर्षं झाकून ठेवल्या होत्या. २०२३ साली ‘मिडनाइट ब्लू’ या डच मंडळींनी त्या उघड्या पाडल्या. त्यातल्या टीईए१ या पद्धतीत ८० बिटांची किल्ली आतल्या आत ३२ बिटांची करून टाकलेली निघाली. म्हणजे ४२९ कोटी किल्ल्या फक्त. वापरणाऱ्यांना पत्ताच नाही. म्हणून आपण घेऊ ते जगानं ठोकून-पारखून घेतलेलं. ज्या विक्रेत्यानं आम्हाला "आमची स्वतःची सीक्रेट पद्धत आहे, ती फुटूच शकत नाही" म्हणून गळ घातली, त्याला नाही म्हणायचं बळ मला आज आलं.

आपल्या १८ पैकी १८ सेटांत एईएस आहे, त्यांतल्या दोन सेटांचं लायसन्स वेगळं घ्यावं लागेल. खर्च बैठकीत मांडते.

२२ फेब्रुवारी

हॅम रेडिओवाल्या, म्हणजे हौसेनं रेडिओ चालवणाऱ्या काकांकडे गेले होते. घराच्या गच्चीवर अँटेनांचं रान. २०१९ ला त्यांनी तीन दिवस आमचे निरोप पुण्या-मुंबईला पोचवले होते. त्यांच्या फ्रिक्वेन्सीवर आपलं बंदिस्त बोलणं चालवता येईल का, विचारलं. काका ताठ झाले. "हॅमवर आडपडदा चालत नाही, बाई. आम्ही जे बोलतो ते सगळ्या जगानं ऐकावं असंच बोलायचं. आंतरराष्ट्रीय नियम आहे, अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक बोलायचं नाही." ते ज्या अभिमानानं बोलले, तो मला फार आवडला. त्यांचं जाळं उघडं राहणार, आणि पुरात दूरचा निरोप त्यांच्याकडूनच जाणार. फक्त त्यांच्याकडे जाणाऱ्या निरोपात आजारी माणसाचं नाव-गाव नको, एवढं आपल्या बाजूनं पाळायचं.

परवाना नसलेल्या ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले कमी ताकदीचे सेट आपल्याला पुरणारे नाहीत. गल्लीत ठीक, चिखलीपर्यंत नाही. आपली फ्रिक्वेन्सी दिल्लीच्या डब्ल्यूपीसीकडून (फ्रिक्वेन्सीचे परवाने देणारं सरकारी कार्यालय) परवाना घेऊनच वापरतो. नूतनीकरणाच्या अर्जासोबत एन्क्रिप्शन वापरतोय हे स्वच्छ लिहून द्यायचं ठरवलं. आपण लपवतोय ते लोकांच्या घरांचे पत्ते, सरकारपासून लपवण्यासारखं आपल्याकडे काही नाही.

८ मार्च

बैठक. कुठलं बोलणं बंद, कुठलं उघडं. तीन तास चालली, आवाज चढले.

माझं आधीचं म्हणणं होतं, सगळंच बंद करू, कटकट नको. आण्णा उठले. म्हणाले, "ताई, बुडणाऱ्याची हाक कुलपात घालणार काय तुम्ही? एखाद्याच्या हातात साधा सेट असला, एनडीआरएफची नाव शेजारून चालली असली, त्यांना आपला आवाज जायला नको? २०१९ ला आंबेवाडीच्या शिवारात आपली नाव झाडाला अडकली तवा कुणी ऐकलं? आपल्या माणसानं न्हाय, दुसऱ्याच पथकानं ऐकलं. म्हणून मी हितं उभा हाय."

कुणीच काही बोललं नाही. ते खरं होतं, आणि मी ते विसरले होते.

त्यातून आजचा निर्णय निघाला. डीएमआरमध्ये एकाच फ्रिक्वेन्सीवर ३० मिलिसेकंदांच्या दोन खिडक्या आळीपाळीनं उघडतात, म्हणून एकाच रिपीटरवरून दोन संभाषणं जातात. पहिली खिडकी उघडी: मदतीची हाक, पाण्याची पातळी, कुठला रस्ता बंद, कुठल्या पुलावर पाणी, राधानगरीचे किती दरवाजे उघडले. हे जितक्यांच्या कानावर पडेल तितकं चांगलं. दुसरी खिडकी कायमची बंद: रिकाम्या घरांचे पत्ते, आजारी आणि गरोदर बायांची माहिती, एकट्या बायका-मुलं कुठे आहेत, कुणाजवळ दागिने-पैसे आहेत, आणि मृत्यू. घरच्यांना कळायच्या आधी कुणाचाही मृत्यू उघड्या चॅनलवर बोलायचा नाही.

१५ मार्च

किल्ली तयार केली. हे काम आयुष्यभर लक्षात राहील.

पोरांनी आधी सुचवलेल्या किल्ल्या: पथकाच्या गाडीचा नंबर, स्थापनेची तारीख, आणि एकानं ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ इंग्रजी अक्षरांत. प्रेम कळलं, पण कोल्हापुरातली किल्ली ओळखायला निघालेला माणूस पहिल्यांदा चांगभलंच लावून बघणार. माणसाच्या डोक्यातून निघालेलं दुसऱ्या माणसाच्या डोक्यात येऊ शकतं. म्हणून डोकं बाजूला ठेवायचं आणि छापा-काटा करायचा.

स्टीलची परात घेतली, आवाज नको म्हणून आत जुना टॉवेल अंथरला. चार नाणी: दहाचं, पाचचं, दोनचं, एकचं. सिंहाची बाजू वर आली तर धरायचं, आकड्याची आली तर सोडायचं. दहाच्या नाण्याची किंमत ८, पाचच्याची ४, दोनच्याची २, एकच्याची १. बेरीज ० ते १५ च्या मध्ये येते. नऊपर्यंत आकडा, दहापासून पंधरापर्यंत इंग्रजी ए ते एफ ही अक्षरं. चारही नाणी ओंजळीत खुळखुळवून परातीत सोडायची, एक अक्षर मिळतं. असं ६४ वेळा. चौसष्ट चोक दोनशे छप्पन्न, एवढी नाणी पडली की दोनशे छप्पन्न बिट झाले.

नाणी वहिनींनी टाकली, मी लिहिलं. दार लावलेलं, मोबाईल दोघींचे बाहेरच्या खोलीत. पंधराव्या फेरीला दोनचं नाणं परातीबाहेर उडून फ्रिजखाली गेलं. ती फेरी रद्द धरून पुन्हा टाकली. सव्वा तास लागला. शेवटचं अक्षर लिहिल्यावर वहिनी म्हणाल्या, "हे जगात दुसऱ्या कुणाकडं न्हाय, व्हय ना?" म्हटलं, नाही. त्यांनी कागदाला हळद-कुंकू लावलं, मी अडवलं नाही.

दोन प्रती. एक माझ्या तिजोरीत सीलबंद, एक आण्णांच्या घरी. फोटो काढायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा नाही. हे दोनदा लिहिते: व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा नाही.

१७ मार्च

सतरा सेटांत एकाच फाइलवरून किल्ली गेली. सात नंबरचा सेट जुन्या आवृत्तीचा, त्याची फाइल वेगळी, म्हणून चौसष्ट अक्षरं पुन्हा हातानं घातली. त्या सेटवर बाकीच्यांचं बोलणं पाणी खदखदल्यासारखं ऐकू येतंय. शब्द एकही नाही. किल्लीचा क्रमांक जुळतो म्हणून सेट उलगडायला जातो, किल्लीच वेगळी म्हणून नुसता खदखदाट होतो.

दीड तास शोधलं. एकोणतिसाव्या जागी माझ्या अक्षरातला इंग्रजी बी मी आठ म्हणून वाचला होता. दुरुस्त केला, आवाज लख्ख. यापुढे चार-चार अक्षरांचे गट पाडून लिहायचं, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टायपायचं, तिसऱ्यानं पडद्यावरून परत वाचायचं.

२९ मार्च

रंकाळ्यावर पहिला सराव, संध्याकाळी. बारा जण. एन्क्रिप्शन चालतंय. माणसं चुकतायत.

दोन तासांत बंद चॅनलवर बोलायच्या नऊ गोष्टी उघड्यावर बोलल्या गेल्या. मी भाच्याला लॅपटॉप घेऊन बाकावर बसवलं होतं, त्यानं मोजल्या. बोलणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं की आपण बंद चॅनलवर आहोत.

मला आधी राग आला, मग घरी येऊन वाचलं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मॅट ब्लेझ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तिथल्या सरकारी तपास यंत्रणांच्या पी२५ या डिजिटल पद्धतीच्या रेडिओंचा अभ्यास केला होता. शिकलेले, पगारी, प्रशिक्षण घेतलेले अधिकारी रोज उघड्यावर नाजूक गोष्टी बोलत होते, आणि सगळं बंदिस्त आहे या समजुतीत होते. कारणं साधी. सेटवर एक बारीक खटका, तो कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही. किल्ल्या सारख्या बदलायचा सोस, मग एखाद्याकडे नवी किल्ली नाही, की सगळेच उघड्यावर येतात. हे वाचून पोरांवरचा राग गेला. दोष सेटच्या मांडणीत आहे आणि मांडणी मी केलीय.

पुढच्या दिवसांत केलेले बदल इथेच लिहिते. खटका सॉफ्टवेअरमधून काढून टाकला. चॅनल १ नेहमी उघडा, चॅनल २ नेहमी बंद, हातानं बदलताच येणार नाही. वरच्या बटणाला दोनच्या जागी कानशीनं खाच पाडली. अंधारात, पावसात, अंगठा खाचेवर बसला की बंद. उद्यमनगरातल्या ओळखीच्या कारखान्यात अठरा बटणं अर्ध्या तासात झाली, पैसे घेतले नाहीत.

आणि अजून एक, जे मला सरावातच आठवलं आणि मी बाकावर बसून राहिले. २०२१ ला छावणीत, शाळेच्या वर्गात, आमच्या एका पोराच्या खांद्यावरचा सेट मोठ्यानं बोलला की अमुक आजोबा गेले. त्यांचा मुलगा दोन हातांच्या अंतरावर जेवायला बसला होता. हातातला घास त्यानं ताटात ठेवला. तो घास मी विसरू शकलेले नाही. जगातली कुठलीही किल्ली त्याला वाचवू शकली नसती. हवेतून येताना बोलणं कितीही बंदिस्त असलं तरी स्पीकरमधून ते उघडंच बाहेर पडतं. छावणीतल्या आणि नावेतल्या प्रत्येक सेटला इअरपीस घ्यायचे. १८ च्या १८. खर्चाच्या यादीत हे पहिले, लायसन्स नंतर.

१ एप्रिल

चैत्र यात्रा. पोरं सासनकाठीबरोबर डोंगरावर. काम बंद.

१९ एप्रिल

आण्णांनी न सांगता एक सेट लपवला आणि दुपारी जाहीर केलं, "अकरा नंबर नदीत गेला. आता करा काय करायचं ते."

माझी योजना तयार होती. प्रत्येक सेटमध्ये तीन किल्ल्या घालून ठेवल्या होत्या. एक हरवला की कंट्रोलवरून शब्द द्यायचा, सगळ्यांनी दुसऱ्या किल्लीवर जायचं. मी शब्द दिला, सगळे गेले, एका मिनिटात. मी खूश. वहिनींनी विचारलं, "पण अकरा नंबरमध्येबी तीनच किल्ल्या हायत न्हवं?"

हे माझ्या तीन महिन्यांत लक्षात आलं नव्हतं. ज्याच्या हाती तो सेट पडला त्याला तिन्ही किल्ल्या मिळाल्या.

दूरून सेट बंद पाडायचा आदेश पाठवता येतो, पण सेट बंद असला किंवा टप्प्याबाहेर असला तर तो पोचत नाही, त्यावर विसंबता येणार नाही. अठरा सेट परत बोलावून एका केबलवर नवी किल्ली घालायला दोन तास चाळीस मिनिटं लागली, तीही कोरड्या जमिनीवर. पुरात नावा परत बोलवायच्या कशा?

रात्री उशिरापर्यंत बोललो. ठरलं ते असं: दोन किल्ल्या, दोन गट. पाण्यावर जाणारे तेरा सेट एका किल्लीवर. कंट्रोल आणि छावण्यांचे पाच सेट दुसऱ्या किल्लीवरही, आणि ते पाच कधीच पाण्यावर जाणार नाहीत. आजारी माणसांच्या याद्या, मृत्यू, हे फक्त त्या पाचांत. नावेचा सेट गेला तर नावेचं बोलणं संध्याकाळपर्यंत उघडं पडलं असं धरून चालायचं.

मग नावेनं रिकाम्या घराचा पत्ता कसा सांगायचा? उत्तर आण्णांनी दिलं, आणि या सगळ्या कामातलं मला सगळ्यांत पटलेलं उत्तर तेच. नकाशे. पूररेषेतल्या गल्ल्यांचे नकाशे आधीच काढायचे, प्रत्येक घराला आपला नंबर द्यायचा, नंबर गल्लीच्या क्रमानं नकोत, विस्कटलेले हवेत. नकाशा नावेत प्लॅस्टिकच्या पिशवीत. "घर ४१७, झालं." सेट गेला, किल्ली गेली, तरी ऐकणाऱ्याला ४१७ म्हणजे काय ते नकाशाशिवाय कळणार नाही. परत म्हणून दाखवायचा नियमही टिकतो. मी निर्धास्तपणे म्हणू शकते: ४१७.

१० मे

रिपीटर तपासला. एक चांगली गोष्ट कळली: रिपीटरला किल्ली लागत नाही. तो आलेले बिट जसेच्या तसे पुढे पाठवतो. म्हणजे ज्या इमारतीच्या टाकीवर तो आहे तिथे कुणी पेटी फोडली तरी त्यात काही सापडणार नाही.

भाच्यानं पुन्हा डोंगल लावला. दुसऱ्या खिडकीतलं बोलणं आता नुसती खरखर. पण पडद्यावर सेटचा आयडी, ग्रुपचा नंबर आणि बोलण्याचा वेळ अजून दिसतो. आण्णांना हे खटकलं. मी त्यांना वडगावच्या जनावरांच्या बाजाराची आठवण दिली. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करतात. सौदा चाललाय हे आख्ख्या बाजाराला दिसतं, कोण कुणाशी करतोय तेही दिसतं. आकडा मात्र रुमालाखालीच राहतो. आपल्याला रुमाल मिळालाय. आण्णा म्हणाले, "मग सेटच्या नंबरावरनं माणूस वळखायला नको, एवढं बघ." म्हणून आयडी आणि माणूस यांची यादी छापायची नाही, फक्त माझ्या वहीत.

दुसरी उणीवही इथे टिपते. बंदिस्त बोलणं कुणी रेकॉर्ड करून नंतर तसंच हवेत सोडलं तर? म्हणून बंद चॅनलवरच्या प्रत्येक निरोपात वेळ बोलायची. "घर ४१७, चौदा वीस." जुनं वाजलं तर लगेच कळेल.

३१ मे

चिखलीपर्यंत टप्पा तपासला, मोटारसायकलवर. गावाच्या पलीकडच्या कडेला बंद चॅनलवर पहिला शब्द गिळला जातो. ‘नको पाठवू’ मधला ‘नको’ गेला आणि मी नाव पाठवायला निघाले होते. बटण दाबून एक श्वास थांबायचं, मग बोलायचं, आणि नकार वाक्याच्या शेवटी ठेवायचा: ‘नाव पाठवू नको, नको.’ सगळ्यांकडून वीस-वीस वेळा म्हणवून घेतलं.

नकाशे: ६१२ घरांना नंबर दिले. आज्जींचं घरही त्यात आहे. दारात उभं राहून नंबर कसा देतो ते त्यांना सांगितलं. त्यांनी मागच्या दाराला नवी कडी बसवून घेतलीय, ती मला दोनदा लावून-काढून दाखवली.

८ जून

मृग लागला. सकाळपासून बारीक पाऊस, बंधाऱ्यावर पाणी अजून खूप खाली.

जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला आपल्या उघड्या चॅनलची फ्रिक्वेन्सी, कलर कोड आणि ग्रुप नंबर लेखी दिला. एनडीआरएफची तुकडी आली तर तिच्यासाठी हीच माहिती वेगळ्या कागदावर. बंद बोलण्याच्या दोन्ही किल्ल्या सीलबंद पाकिटात आण्णांकडे आणि माझ्याकडे, तिसरी प्रत नाही. प्रोग्रॅमिंगच्या दुसऱ्या केबलचे पैसे दिले, ती गुरुवारी येईल.

शेवटचा सराव पावसातच केला. नाव पाण्यात नव्हती, आण्णा पंचगंगा घाटावर छत्री धरून उभे. चॅनल १ वर पातळी सांगितली. मग बटणाचा आवाज आला, एक श्वास गेला, आणि चॅनल २ वर: "कंट्रोल, घर ४१७, झालं, सतरा दहा." मी परत म्हटलं. भाचा शेजारी लॅपटॉपसमोर होता. त्याच्याकडे खरखर.

सेट ११ चा इअरपीस आण्णांच्या कानात बसत नाही, पडतो. उद्या मोठ्या रबराचा आणायचा.